गेननं दोर सोडला

दिलसुखनगर, १४ जुलै २०२४

अनुआत्या,

नमस्कार. शुद्धलेखन बघू नको. तू रविवारी बसवून शिकवलंस तेवढंच मराठी मला लिहिता येतं, आणि इथं आता तेच कामाला आलंय. आमच्या कोचिंग होस्टेलची वॉर्डन मॅडम प्रत्येक पत्र उघडून वाचते. तेलुगू, इंग्लिश, हिंदी तिला सगळं येतं. माझं पहिलं पत्र बघून म्हणाली, "ये कौनसी हिंदी है रे?" मी म्हटलं, "देव-धर्म का है मॅडम, आत्या पूजा बोलती." शिक्का मारून दिला. म्हणून आता मराठी झिंदाबाद.

फोन पहिल्याच दिवशी जमा केला. महिन्यातून एका रविवारी आई-पप्पा भेटू शकतात, बाकी कुणी नाही. तू चिक्कडपल्लीत, मी दिलसुखनगरात, ऑटोनं अर्धा तास पण लागत नाही, आणि आपण टपालानं बोलायचं. मजाकच आहे.

एक काम आहे. मलकपेठला घरी माझ्या कपाटात सगळ्यात खाली, जुन्या युनिफॉर्मच्या मागं 'पूल'ची पुस्तकं आहेत. जपानी मांगा, म्हणजे कॉमिक. खरं नाव लंबं आहे, मी 'पूल'च म्हणते. उजवीकडून डावीकडं वाचायचं, नाहीतर मेलेली माणसं आधी दिसतील आणि मग जिवंत होतील. ती वाच. आणि दर महिन्याला नवीन भाग फोनवर येतो, तो वाचून मला लिहून पाठव. पप्पांना सांगू नको. त्यांना वाटतं मी ते सगळं सोडलं.

थोडक्यात सांगते. एक फार लंबा लाकडी पूल आहे, खाली दरी. कुणी बांधला माहीत नाही. धुकं येतं आणि पुलाच्या फळ्या खातं. राखणदार पोरं-पोरी नव्या फळ्या ठोकत राहतात. काम करताना दोघं-दोघं एकाच दोराला बांधलेले असतात, एक पडला तर दुसऱ्यानं धरायचं. शुन हा हीरो. मला तो आवडतो, पण खरं सांगू, प्रत्येक भागात एकदा तो ओरडतो "मी हार मानणार नाही!" आणि पानभर ते एकच वाक्य. लेखकानं तेवढ्या जागेत दुसरं काहीतरी दाखवावं. मियो ही पोरगी आधी जबरदस्त होती, सगळ्यात चांगला हातोडा तिचा, मग लेखकानं तिला फक्त शुनच्या जखमा बांधायला ठेवलं. हा अन्याय आहे. मियोच्या दोराला गेन बांधलेला आहे. गेन म्हणजे रडकं पोरगं, सारखं पाय दुखतात, झोप येत नाही. मला तो बिलकुल आवडत नाही. सगळ्यात भारी म्हणजे तोमे आजी, स्वयंपाकीण. सगळ्यांना ओरडते आणि सगळ्यांना जास्तीचं वाढते.

वाच आणि मत सांग. खोटं सांगू नको.

तुझी
रेणू


चिक्कडपल्ली, ११ ऑगस्ट २०२४

चि. रेणूस आशीर्वाद.

तुझ्या आईनं पुस्तकं गुपचूप काढून दिली. "हे बघून तर पोरगी बिघडली, आता तुम्हीही?" म्हणाली, पण पिशवी स्वतःच भरून दिली. पहिलं पुस्तक मी उलटं वाचलं. तू सांगूनही. सवय जात नाही.

बाई गं, मी आयुष्यभर लोकांच्या घरांचे नकाशे काढत आले, तेव्हा आधी माझं धंद्याचं मत ऐक. हा पूल उभा राहूच शकत नाही. एवढ्या लांबीला मध्ये आधार नको का? आमच्या ऑफिसात असलं काही काढलं असतं तर साहेबांनी कागद फाडला असता. पण धुकं मात्र या माणसानं असं काढलंय की मी पान बाजूला धरून बराच वेळ बघत बसले. काळं कुठंच नाही, फक्त रेघा विरळ होत जातात.

शुन मला आवडला. ओरडतो, खरंय, पण त्याच्या वयाला शोभतं. मियोबद्दल तुझं म्हणणं अगदी बरोबर. पोरींना मलमपट्टीला लावायची खोड जपानातही आहे म्हणायची.

आता ऑगस्टचा भाग. धुकं उठतं, सकाळ होते. सगळे पुलावर कामाला लागतात. गेन नुसता उभा राहतो. मियो म्हणते, "चल." गेन कमरेचा दोर सोडतो, त्याची नीट घडी करतो, मियोच्या पायाशी ठेवतो आणि म्हणतो, "मला हे जमत नाही. मला कधीच जमत नव्हतं." आणि सगळ्यांच्या देखत पुलावरून चालत घराच्या वाटेला लागतो. शुन मागून हाका मारतो. तोमे आजी काहीच बोलत नाही.

सोबत त्या चित्राची मी केलेली नक्कल पाठवते. माणसं मला नीट जमत नाहीत, फळ्या बघ. गेन तुला आधीपासून आवडत नव्हताच, मलाही पटला नाही. काम अर्ध्यात टाकून जाणारा माणूस मला सहन होत नाही.

जेवतेस ना?

अनुआत्या


दिलसुखनगर, २२ सप्टेंबर २०२४

अनुआत्या,

चित्र भिंतीला लावलं होतं, ते काढायला लावलं. आता गादीखाली आहे.

गेनबद्दल तू चुकलीस. आणि मी पण चुकले होते. आधी लिहिलेलं सगळं वापस घेते. गेन हा त्या पूर्ण कहाणीतला एकटा खरा माणूस आहे. काम अर्ध्यात टाकून गेला म्हणतेस? भित्रा असता तर धुक्यात पळून गेला असता, कुणाला कळलं पण नसतं. तो सकाळी, सगळ्यांसमोर गेला. दोर फेकला नाही, घडी करून ठेवला. आणि खोटं नाही बोलला, पाय दुखतोय म्हणाला नाही. "मला जमत नाही" असं तोंडानं म्हणायला किती ताकद लागते तुला माहीत आहे का? शुनला कधी कुणी विचारलं का, तुला पूल आवडतो का म्हणून? तो ओरडतो म्हणून त्याला विचारायचं कामच पडत नाही.

आणि आधी तो म्हणायचा की झोप येत नाही, जेवण जात नाही, हातोडा धरला की बोटं थरथरतात. ते सगळं आपण वाचलं आणि रडकं म्हणून हसलो. लेखक सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. पुलावरचे पण नाही, वाचणारे पण नाही.

मला हे सांग: तो घरी पोचला का? घरच्यांनी काय म्हटलं? पुढच्या भागात बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल, तेवढं लिही.

माझ्या खोलीत उषा म्हणून आहे, कामारेड्डीकडची. तुझी पत्रं मी तिला तेलुगूत सांगते. ती पण वाट बघते.

इथं सगळं ठीक. टेस्टमध्ये मधल्या सेक्शनला आहे. मधली असणं चांगलं, कुणी बघत नाही.

रेणू


चिक्कडपल्ली, २० ऑक्टोबर २०२४

चि. रेणूस आशीर्वाद.

अगं, केवढी भांडलीस! कागदावरच्या पोरासाठी एवढं? पण वकील चांगली होशील, इंजिनिअरिंगच्या नादात तेवढं विसरू नको. उषालाही माझे आशीर्वाद सांग.

तू विचारलंस तो भाग आला. गेन बरेच दिवस चालत घरी पोचतो. गाव तसंच आहे, दारात मासे वाळत घातलेत. तो दार वाजवतो. आतून आई विचारते, "कोण?" तो म्हणतो, "मी." आई लगेच विचारते, "पूल झाला का?" तो म्हणतो, "नाही." मग आतून आवाजच येत नाही. तो पुन्हा वाजवतो. शेवटच्या चित्रात दार बंद, आणि दाराच्या खालच्या फटीतून आईचे पाय दिसतात. ती दाराशीच उभी आहे, पण उघडत नाही. भाग तिथंच संपतो.

तुला राग येईल, पण मला त्या आईचं चूक वाटत नाही. तिचं काळीज तुटत असणारच, म्हणून तर ती दाराशी उभी आहे. पण पूल पडला तर गावाला उरलं काय? कधी कधी मोठ्यांना कठोर व्हावं लागतं. तो परत जाईल आणि शुनच्या शेजारी उभा राहील, बघ तू. असल्या गोष्टी तशाच संपतात.

तूही शुनसारखी राहा. थोडेच महिने राहिलेत. मग सगळी सुट्टी तुझी, माझ्याकडे येऊन राहा, उलटीसुलटी हवी तितकी पुस्तकं वाचू.

अनुआत्या


दिलसुखनगर, ३ नोव्हेंबर २०२४

आत्या,

आई दार उघडते का? पुढचा भाग यायची वाट बघू नको. तुला येत असेल तर तूच लिही. तूच चित्र काढ, दार उघडलेलं. लेखकानं काढलं असं आम्ही समजू. पण लौकर पाठव. खूप लौकर.

रेणू


चिक्कडपल्ली, १३ नोव्हेंबर २०२४

रेणू, बाळा,

तुझी चिठ्ठी काल मिळाली. ती वाचून मी आधीची पत्रं काढली आणि पुन्हा वाचली. झोप येत नाही, जेवण जात नाही, बोटं थरथरतात. तू मला सगळं लिहिलं होतंस आणि मी शुनसारखी राहा म्हणून शहाणपण शिकवत बसले.

आज सकाळी ऑफिसला न जाता मलकपेठला दादाच्या अडतीवर गेले. मिरच्यांची पोती उतरत होती. मी म्हटलं, "दादा, रेणूला घरी आणायचं."

"काहून? ताप आहे का?"

"ताप नाही. तिला तिथं राहणं होत नाही."

"तिनं सांगितलं तुला? मला तर दर भेटीत ठीक म्हणते."

मी म्हटलं, "तुला ठीकच म्हणणार. मला तिनं एका गोष्टीतल्या पोराच्या तोंडून सांगितलं." मग मी त्याला पत्रं वाचून दाखवली, तिथंच, पोत्यांमध्ये बसून. तुला माहीत आहे तुझा बाप कसा आहे. आधी म्हणाला, "जपानी कॉमिक? अनू, तू येडी झालीस का?" मग गेन दार वाजवतो तिथं आलो, तेव्हा तो हमालाला म्हणाला, "थांब रे, नंतर उतरव." आणि मला म्हणाला, "आपल्या बी दारात उभी होती का गं ती? मला दिसली नाही?"

रविवारी आम्ही दोघं येतोय. सामान बांधून ठेव. कुणाला काही समजवायचं नाही, कुणाची परवानगी मागायची नाही. परीक्षा घरून दे, नको देऊ, ते नंतर बघू. दार उघडं आहे, रेणू. हे चित्र नव्हे, खरंखुरं.

तुझी
अनुआत्या


मलकपेठ, २८ नोव्हेंबर २०२४

अनुआत्या,

आता फोन माझ्याकडं आहे, तरी पत्रच लिहिते. फोनवर तू "बोल गं" म्हणालीस की मी "ठीक आहे" म्हणून फोन ठेवते.

तू मला वाचवलंस असं सगळे म्हणतात. आई दृष्ट काढते. पप्पा रोज अडतीवरून लौकर येतात आणि दारातून बघून जातात. मला तुला हे सांगायचं आहे की गेनबद्दलची ती मतं माझी नव्हती.

मला गेन कधीच आवडला नव्हता. तुझा ऑगस्टचा भाग मी उषाला वाचून दाखवला तेव्हा ती पलंगावर उठून बसली. "अंतमंदि मुंदरा? सगळ्यांसमोर?" तिनं मला तो भाग पुन्हा पुन्हा सांगायला लावला. ते सगळं तिचं आहे. रात्री झोप नाही, ती उषा. जेवण ताटात तसंच, ती उषा. बोटं तिची थरथरतात, पेन हातातून पडतं. तिनं तिच्या वडिलांना रविवारी सांगितलं होतं, नान्ना, मला जमत नाही. ते म्हणाले, "परीक्षा झाली का?" ती म्हणाली नाही. ते म्हणाले, "मग झाल्यावर बोल." म्हणून दाराचा भाग ऐकून तिनं मला ती चिठ्ठी लिहायला लावली. माझं नाव लिहू नको म्हणाली. वॉर्डनला कळलं तर घरी फोन करतील अशी तिला भीती होती. मला वाटलं तू काहीतरी करशीलच, तू मोठी आहेस.

तू केलंस. पण माझ्यासाठी.

त्या रविवारी होस्टेलच्या ऑफिसात पप्पा रडत होते. मी त्यांना कधी रडताना बघितलं नाही. तू माझा हात धरला होतास. मी तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, मी नाही, ती. तोंडाशी आलं होतं. पण मला पण घरी यायचं होतं, आत्या. खूप यायचं होतं. मला काही झालं नव्हतं, तरी. खोलीतून ट्रंक काढायला गेले तर उषा बादली घेऊन उभी होती. मी म्हटलं, "मी आत्याला सांगते, तुझं पण करते." ती म्हणाली, "सरे." ठीक आहे. बस्स. आणि माझी गादी गुंडाळायला मदत केली.

ऑगस्टच्या त्या भागात आणखी एक चित्र आहे, काल मी फोनवर बघितलं. तू त्याची नक्कल केली नव्हतीस. गेन गेल्यावर मियो दोराचं दुसरं टोक कमरेला बांधून तशीच फळीवर उभी आहे. इतकी चर्चा होते या मांगाची, लोक पानं-पानं लिहितात, शुन जिंकेल का, गेन भित्रा का शूर. मियोला आता धरणार कोण, हे कुणीच विचारत नाही. मी पण नाही विचारलं.

तू उषाच्या घरी जा. तिचं गाव कामारेड्डीच्या पुढं आहे, वडील राजय्या, बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान आहे. मला यापेक्षा जास्त माहीत नाही. लौकर जा.

रेणू


चिक्कडपल्ली, ९ डिसेंबर २०२४

चि. रेणू,

तू फोनवर विचारलंस तेव्हा मी "भेटल्यावर सांगते" म्हणाले. भेटल्यावरही सांगता येणार नाही असं दिसतंय, म्हणून लिहिते.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी होस्टेलवर गेले. फाटकावरच थांबवलं. वॉर्डन बाहेर आल्या, म्हणाल्या, "तुम्ही त्या मुलीच्या कोण?" मी म्हटलं, "कुणी नाही." त्या म्हणाल्या, "मग?" मी म्हटलं, निदान तिच्यावर लक्ष ठेवा, तिची तब्येत बरी नाही. त्या म्हणाल्या, सगळ्याच मुलींचं परीक्षेआधी असं होतं.

दुसऱ्या दिवशी बस धरून कामारेड्डी, तिथून तिचं गाव. दुकान बंद होतं. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, "राजय्या सकाळीच हैदराबादला गेला. पोरीला लागलंय, दवाखान्यात आहे."

तशीच उलट फिरले, होस्टेलवर विचारून दवाखाना गाठला.

ती जिवंत आहे, रेणू. हे आधी वाच, मग पुढचं. होस्टेलवाले म्हणतात गच्चीवर कपडे वाळत घालताना पाय घसरला. कंबरेचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात चालेल, पण वेळ लागेल, आणि पहिल्यासारखी नाही.

राजय्या बाहेर बाकावर बसले होते. बारीक माणूस, गळ्यात मोजायचा टेप तसाच, काढायचं राहून गेलेलं. मी तेलुगूत माझी ओळख सांगितली. ते म्हणाले, "कपडे वाळत घालत होती. तिला घरी पण कपडे नीट वाळत घालायची सवय आहे." थोड्या वेळानं ते पुन्हा तेच म्हणाले. मग म्हणाले, "अम्मा, तिनं मला सांगितलं होतं." आणि टेप हातात घेऊन गुंडाळत, उलगडत बसले.

मला आत सोडलं नाही.

तू स्वतःला काय काय म्हणत असशील ते मला माहीत आहे. मी मोठी असून मला ते वाचता आलं नाही, तू तर सतरा वर्षांची आहेस. पण असं लिहून तुझं ओझं कमी होईल असं मला वाटत नाही, माझंही होत नाही. ती घरी गेली की आपण जाऊ. तुला जायचं असेल तर.

अनुआत्या


मलकपेठ, १६ फेब्रुवारी २०२५

अनुआत्या,

तुझ्या पायाला सूज होती म्हणून तू उषाच्या गावी आली नाहीस ते बरंच झालं. आई आली होती, ती उषाच्या आईजवळ चुलीपाशी बसली.

उषा आतल्या खोलीत खाटेवर असते. केस कापलेत. मला बघून हसली नाही, रागावली पण नाही. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "ते नको." मी म्हटलं, "माझ्यावर राग आहे का?" ती म्हणाली, "तू गेलीस त्याचा नाही. तू गेल्यावर पत्रं आली नाहीत, त्याचा आला." आत्या, हे आपल्या दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. तिच्या नावानं एक पत्र टाकायचं.

मग तिनं विचारलं, "आई दार उघडते का?"

खोटं सांगावं असं मनात आलं होतं. पण लेखक आजारी आहे, नोव्हेंबरपासून भाग बंद आहे, पुन्हा कधी सुरू होईल कुणाला माहीत नाही. मी तेच सांगितलं. नेटवर लोक चिडलेत, शिव्या देतात, शुनच्या शेवटच्या लढाईसाठी थांबलेत. मी पण त्यांच्यात होते ना. आता मला ती लढाई वाचायची नाही. शुन जिंको का हरो. उषानं ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

बाहेर आले तर राजय्या अंकल पायरीवर बसले होते. दुकान उघडत नाहीत म्हणे. ते मला म्हणाले, "तुझ्याशी बोलली ना? आवाज आला मला. माझ्याशी बोलत नाही. काय बोलली?"

मी म्हटलं, "एका गोष्टीबद्दल."

"कुठली गोष्ट?"

मला सांगायचं नव्हतं. पण ते असे बघत होते की मी शेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं, तेलुगूत, जसं उषाला सांगायचे तसं. पूल, धुकं, दोर. मियोचा हातोडा. तोमे आजी जास्तीचं वाढते ते ऐकून त्यांनी मान हलवली. गेन दोराची घडी करून ठेवतो तिथं मी थांबले, तर म्हणाले, "सांग." मग तो घरी येतो ते सांगितलं. आई विचारते, पूल झाला का. तो म्हणतो नाही. दाराच्या खालून तिचे पाय दिसतात.

ते म्हणाले, "पुढं?"

मी म्हटलं, "पुढं नाही. एवढंच छापलंय."

ते म्हणाले, "ती आई उभी होती म्हणतेस. आतून. तिला वाटत असेल पोरगा अजून एकदा वाजवेल."

ते उठले. खाटेपाशी गेले. स्टूल ओढून घेतलं, पण त्यावर बसले नाहीत, खाली जमिनीवर बसले, तिच्या पाठीमागं. उषानं तोंड वळवलं नाही. त्यांनी तिला हाक मारली नाही, हात पण लावला नाही. उषाच्या आईनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. आमची बस होती म्हणून आम्ही निघालो. मी दारातून वळून बघितलं. ती भिंतीकडं तोंड करून, ते तिच्या पाठीकडं बघत, दोघं तशीच होती.

रेणू